हक्कदाव्याची अतिव्याप्ती : पेटंटाच्या इतिहासातील एक भाषिक प्रश्न

१

प्रस्तुत निबंधाचा विषय प्रथमदर्शनी कायदेपंडितांच्या प्रांतातला वाटण्याचा संभव आहे. पेटंट, त्याचे विवरणपत्र, त्यातील हक्काची मागणी या गोष्टींचा भाषेच्या अभ्यासकाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु पेटंटाचा दस्तऐवज हाती घेऊन पाहिला असता तो मुख्यतः शब्दांचाच बनलेला आहे असे आढळून येते. शोधकाने यंत्र घडविलेले असते, रसायन सिद्ध केलेले असते. तथापि आज कायदा त्याला जो अनन्याधिकार देतो, त्याची सीमा ते यंत्र किंवा ते रसायन ठरवीत नाही. ती ठरते त्याने कागदावर उतरविलेल्या शब्दांच्या अर्थावरून. त्या शब्दांचा अर्थ जेथवर पोचेल, तेथवर इतर सर्वांना ठराविक मुदतीपर्यंत मज्जाव असतो. शब्दाचा अर्थ कोठवर पोचतो, हा प्रश्न तर आमच्याच शास्त्राचा होय.

या दस्तऐवजाचे दोन प्रमुख भाग असतात. पहिल्या भागात शोधाचे वर्णन असते : तो काय आहे, कसा घडवावा, कसा वापरावा. यास येथे ‘विवरण’ म्हटले आहे. दुसऱ्या भागात शोधक आपल्या हक्काची सीमा क्रमवार वाक्यांनी आखून देतो. यास नुसते ‘दावा’ म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु मराठीत दावा म्हणजे न्यायालयातील फिर्यादही होत असल्याने, घोटाळा टाळण्यासाठी मी ‘हक्कदावा’ हा शब्द योजतो. विवरण हे शिकविण्यासाठी असते, हक्कदावा हा वगळण्यासाठी असतो. एकाच लेखणीतून उतरलेल्या या दोन भागांची मापे जेव्हा जुळत नाहीत, म्हणजे विवरणात सांगितले थोडे आणि हक्कदाव्यात मागितले फार, अशी स्थिती जेव्हा उत्पन्न होते, तेव्हा काय करावे, हा प्रश्न गेली सव्वादोनशे वर्षे न्यायालयांपुढे पुनःपुन्हा येत आहे. त्याचा इतिहास संक्षेपाने पाहणे हा या निबंधाचा हेतू आहे.

आपल्याकडील नैयायिकांनी लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आहेत हे वाचकांस ठाऊक आहेच. गाईचे लक्षण ‘शिंगे असणे’ असे केले तर ते म्हशीलाही लागू पडते, ही अतिव्याप्ती. ‘कपिल वर्ण असणे’ असे केले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. ‘एकच खूर असणे’ असे केले तर ते एकाही गाईला लागू पडत नाही, हा असंभव. हक्कदावा हे शोधाचे एक प्रकारे लक्षणच असल्यामुळे, विवरणापलीकडे धावणाऱ्या हक्कदाव्याला अतिव्याप्त म्हणणे सयुक्तिक ठरेल. हे साम्य कोठपर्यंत टिकते आणि कोठे तुटते, हे शेवटी पाहू.

२

विवरण आणि हक्कदावा हे दोन्ही भाग पेटंटाबरोबर जन्मले नाहीत. व्हेनिसचा १४७४ चा कायदा अथवा इंग्लंडचा १६२४ चा मक्तेदारीविषयक कायदा पाहिला, तर शोधकाने लेखी वर्णन सादर करावे अशी अट त्यांत नाही. नवा धंदा राज्यात आणावा, माणसे तयार करावी, आणि त्याच्या मोबदल्यात काही वर्षांचा मक्ता घ्यावा, असा तो व्यवहार होता. लेखी विवरणाची पद्धत इंग्लंडात अठराव्या शतकाच्या ओघात रूढ झाली. १७७८ साली लिआर्डेट विरुद्ध जॉन्सन या खटल्यात इमारतीच्या गिलाव्याच्या एका मिश्रणाचा वाद निघाला, तेव्हा लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी पंचांपुढे जे तत्त्व मांडले ते फार महत्त्वाचे ठरले. विवरण असे असले पाहिजे की, मुदत संपल्यावर त्या धंद्यातील माणसाला ते वाचून ती वस्तू बनविता यावी. म्हणजे विवरण ही मक्त्याची किंमत झाली, आणि ती जनतेला शब्दांच्या रूपाने चुकती करावयाची होती.

किंमत एकदा शब्दांत मोजली जाऊ लागली की, कमी शब्द देऊन अधिक माल उचलण्याचा मोह होणे स्वाभाविकच होते. जेम्स वॅट याचे १७६९ चे पेटंट हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. वाफ सिलिंडरात थंड न करता वेगळ्या पात्रात थंड करावी, ही त्याची कल्पना खरोखरीच असामान्य होती. परंतु पेटंटाच्या विवरणास आकृती जोडलेली नव्हती. विशिष्ट यंत्ररचनेचे वर्णन देऊ नये, तत्त्वे तेवढी सांगावीत, असा सल्ला त्याचे स्नेही डॉ. विल्यम स्मॉल यांनी त्यास दिला होता. त्याप्रमाणे विवरणात सिलिंडर उष्ण ठेवणे, वेगळे पात्र वापरणे इत्यादी कलमे तत्त्वरूपाने आली. एका कलमात तर, जेथे थंड पाणी मुबलक नसेल तेथे वाफेच्या केवळ प्रसरणशक्तीने यंत्र चालवून ती वाफ उघड्या हवेत सोडता येईल, असेही म्हटले होते. अशा उच्च दाबाच्या यंत्रांचा धंदा वॅटने केला नाही. त्यांविषयी त्याचे मत प्रतिकूलच होते. शब्दांनी मात्र तीही जागा अडवून ठेवली होती.

पार्लमेंटने १७७५ साली या पेटंटाची मुदत १८०० पर्यंत वाढविली. १७९५ मध्ये बोल्टन व वॅट विरुद्ध बुल या खटल्यात चार न्यायाधीश दोन विरुद्ध दोन असे विभागले गेले. वॅटने यंत्राचे पेटंट घेतले आहे की तत्त्वाचे, आणि तत्त्वाचे असल्यास ते चालेल काय, असा वाद होता. १७९९ साली हॉर्नब्लोअर याच्याशी झालेल्या खटल्यात अखेर पेटंट ग्राह्य ठरले. त्या काळी इंग्लंडात हक्कदावा हा वेगळा भाग अद्याप कायद्याने आवश्यक नव्हता. त्यामुळे एकाच विवरणातून शिकवणही शोधावयाची आणि सीमाही शोधावयाची, अशी अवघड कामगिरी न्यायाधीशांवर पडत असे. पेटंटाची मुदत संपल्यानंतर रिचर्ड ट्रेव्हिथिक प्रभृतींनी उच्च दाबाची यंत्रे पुढे आणली, हा क्रम मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

३

हक्कदावा हा स्वतंत्र भाग अमेरिकेत प्रथम दृढ झाला. तेथील १८३६ च्या कायद्याने, शोधकाने आपला शोध कोणता ते नेमके दाखवून त्यावर हक्क सांगावा, असे बंधन घातले. इंग्लंडात तसे बंधन १८८३ च्या कायद्याने आले. सीमा वेगळ्या वाक्यांत लिहिली जाऊ लागल्यामुळे, ती विवरणाशी ताडून पाहणे प्रथमच सोपे झाले. आणि ताडून पाहताच विसंगतीही उघडी पडू लागली. सॅम्युएल मोर्सचा खटला हा या दृष्टीने मूळ खटला समजला जातो.

मोर्स हा मूळचा चित्रकार. त्याच्या विद्युत्तारायंत्राचे पेटंट १८४० साली मिळाले, आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला त्याने जाहीर संदेश पाठविला. पेटंट पुढे दोनदा दुरुस्त करून पुन्हा काढून घेण्यात आले. १८४८ च्या दुरुस्त पेटंटात आठ हक्कदावे होते. पहिल्या सात दाव्यांत यंत्राचे भाग, त्यांची जोडणी, ठिपका व रेघ यांची लिपी अशा, विवरणात सांगितलेल्या गोष्टी होत्या. आठव्या दाव्यात मात्र मोर्सने असे म्हटले की, वर वर्णिलेल्या यंत्रापुरते आपण स्वतःस मर्यादित करीत नाही; विजेच्या प्रवाहाची प्रेरक शक्ती कोणत्याही प्रकारे उत्पन्न केलेली असो, तिचा उपयोग करून कितीही अंतरावर वाचता येण्याजोगी चिन्हे किंवा अक्षरे उमटविणे, हेच आपल्या शोधाचे सार होय.

या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या सात दाव्यांतील नामे वस्तूंची आहेत. आठव्यातील नाम हे परिणामाचे आहे. ‘अमुक साधनाने लिहिणे’ यातील साधन गळून पडले आणि ‘लिहिणे’ तेवढे उरले. त्यातच ‘कोणत्याही प्रकारे’ आणि ‘कितीही अंतरावर’ ही दोन विशेषणे जोडून उरलीसुरली मर्यादाही काढून टाकली.

हेन्री ओ’रायली याने वेगळ्या धाटणीची यंत्रे वापरून तारांचे जाळे पसरविले, त्यातून हा वाद उद्भवला. १८५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिले सात दावे ग्राह्य धरले, ओ’रायलीने हक्कभंग केला असेही ठरविले, पण आठवा दावा बहुमताने अमान्य केला. मुख्य न्यायाधीश टॅनी यांचा युक्तिवाद असा होता : उद्या एखादा शोधक मोर्सच्या विवरणातील एकही भाग न वापरता विजेने दूर अंतरावर लिहिण्याची पद्धत काढील, ती अधिक सोपी असेल, कमी खर्चाची असेल, कमी बिघडणारी असेल, तरीही हा दावा मान्य केल्यास तिचा उपयोग मोर्सच्या परवानगीवाचून करता येणार नाही. शिवाय मोर्सला स्वतःला पुढे काही नवे सापडले, तर ते विवरणात न सांगताही त्याच्या मक्त्यात आपोआप येईल. जे त्याने शोधले नाही, म्हणून जे त्याने वर्णिलेही नाही, त्यावर तो हक्क सांगत होता.

हा युक्तिवाद निव्वळ कल्पनेचा नव्हता. अलेक्झांडर बेन याने रासायनिक कागदावर विजेने खुणा उमटविण्याची पद्धत काढलेली होतीच, आणि रॉयल हाउस याचे यंत्र तर छापील अक्षरेच उमटवीत असे. आठवा दावा अबाधित राहता तर हे दोन्ही मार्ग त्याच्या कक्षेत येण्याचे भय होते. अतिव्याप्त दावा केल्याबद्दल मोर्सला दंड झाला तो एवढाच की, खटला जिंकूनही त्यास खर्च मिळाला नाही.

याच वर्षी याच न्यायालयाने आणखी एक निर्णय दिला, तो मोर्सच्या निर्णयाशेजारी ठेवून वाचला पाहिजे. निवाड्यांच्या संग्रहातही दोन्ही एकाच खंडात आहेत. रॉस विनन्स याने कोळसा वाहून नेण्यासाठी शंकूच्या आकाराचा रेल्वेचा डबा काढला होता. भार सर्व बाजूंस सारखा पडावा हे त्यातील मर्म. प्रतिवादी डेनमीड याने डबा गोल न करता अष्टकोनी केला. शब्दाचा काटेकोर अर्थ घ्यावा तर अष्टकोन हा शंकू नव्हे. तरीही पाच विरुद्ध चार मतांनी विनन्सच्या बाजूने निकाल लागला. शब्दाला अक्षरशः चिकटून राहिल्यास कोपऱ्यात किंचित फेरफार करणारा नक्कलखोर सुटेल, ही भीती त्यामागे होती. मोर्सच्या खटल्यात अतिव्याप्ती टाळावयाची होती, विनन्सच्या खटल्यात अव्याप्ती. दोन्ही ठिकाणी शब्दाचे माप विवरणात सांगितलेल्या मर्माशी जुळवून पाहण्यात आले, आणि एकात तो आखडला तर दुसऱ्यात लांबला.

४

मोर्सच्या निर्णयानंतर अतिव्याप्तीचा प्रश्न सुटला असे मात्र झाले नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याचे दूरध्वनीचे पेटंट ७ मार्च १८७६ रोजी निघाले. त्यातील पाचव्या दाव्यात, आवाजाने हवेत उत्पन्न होणाऱ्या कंपनांच्या आकृतीसारखेच तरंग विद्युत्प्रवाहात उत्पन्न करून ध्वनी पाठविण्याची पद्धत व उपकरण मागितले होते. पेटंट निघाले त्या दिवसापर्यंत बेलने स्पष्ट ऐकू येणारे वाक्य तारेवरून पाठविलेले नव्हते; ते १० मार्चला घडले. तरीही १८८८ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी हा दावा मान्य केला. मोर्सने विजेचा कोणताही उपयोग मागितला होता. बेलने विजेला एका विशिष्ट अवस्थेत आणण्याची रीत मागितली, आणि ती अवस्था विवरणात वर्णिली होती, असा भेद न्यायालयाने केला. बहुमत किती निसटते होते हे लक्षात घेता, तो भेद सर्वांस सहज दिसणारा नव्हता हे उघड आहे.

विजेच्या दिव्याचा खटला याहून बोधप्रद आहे. विल्यम सॉयर आणि आल्बन मॅन यांनी जाळून कोळसा केलेला कागद दिव्यात तंतू म्हणून वापरला होता. परंतु १८८५ साली मिळालेल्या पेटंटात त्यांनी सर्व तंतुमय किंवा वस्त्ररूप द्रव्यांच्या कोळशावर हक्क सांगितला. एडिसन व त्याच्या साहाय्यकांनी हजारो वनस्पतिजन्य द्रव्ये तपासली आणि बांबूच्या एका विशिष्ट भागापासून उत्तम तंतू बनविला. बांबूही तंतुमयच, तेव्हा तो आमच्या दाव्यात येतो, असे प्रतिपक्षाचे म्हणणे. १८९५ साली न्यायालयाने ते फेटाळले. सर्व तंतुमय द्रव्यांत दिव्याच्या उपयोगी पडणारा असा एखादा सामान्य गुण असता आणि तो या दोघांनी दाखवून दिला असता, तर गोष्ट वेगळी होती. प्रत्यक्षात तपासलेल्या द्रव्यांपैकी बहुतेक निरुपयोगी ठरली होती. मग ‘तंतुमय’ या शब्दाने एकत्र बांधलेला वर्ग हा निसर्गातला वर्ग नसून केवळ शब्दाने बांधलेला होता.

जातिवाचक शब्द उच्चारला की जाती सिद्ध झाली, असे नाही. एकदोन व्यक्ती दाखवून जातीवर हक्क सांगणाऱ्याने त्या व्यक्तींत आणि उरलेल्या जातीत कोणता समान धर्म आहे हे सांगितले पाहिजे. तो न सांगता नुसते जातीचे नाव घेणे हे सिद्धसाधन नव्हे, अनुमानाचा आभास होय.

तिसरे उदाहरण मोटारीचे. रॉचेस्टर येथील वकील जॉर्ज सेल्डन याने १८७९ साली मोटारगाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला, आणि दुरुस्त्या करीत करीत तो १८९५ पर्यंत लांबविला. मधल्या काळात मोटारीचा धंदा उभा राहिला. द्रव इंधनावर चालणारे, दाब देणारे यंत्र आणि गाडी यांच्या जुळणीवर त्याचा हक्कदावा होता, आणि त्याच्या बळावर अनेक कारखान्यांकडून स्वामित्वशुल्क वसूल होत असे. हेन्री फोर्डने ते देण्याचे नाकारले. १९०९ साली खालच्या न्यायालयात सेल्डनपक्षाची सरशी झाली. पण १९११ साली अपील न्यायालयाने पेटंट वैध ठरवूनही फोर्डने हक्कभंग केला नाही असा निकाल दिला. विवरणात सेल्डनने ब्रेटन धर्तीचे यंत्र वर्णिले होते, मोटारी मात्र ऑटो धर्तीच्या यंत्रावर धावत होत्या. येथे दावा खोडला गेला नाही. त्यातील शब्दाचा अर्थ विवरणाच्या प्रकाशात आखूड करण्यात आला. १८७९ साली लिहिलेला शब्द १९११ सालच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याचा अर्थ त्याच्या जन्मकाळच्या वर्णनावरून ठरवावा लागला.

५

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न जीवरसायनशास्त्रात नव्या रूपाने अवतरला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका पेटंटात उंदराच्या इन्शुलिनशी संबंधित जनुकद्रव्याचा अनुक्रम पूर्णपणे दिलेला होता. हक्कदाव्यांत मात्र मानवी इन्शुलिनच्या तशाच द्रव्याचे नाव होते. ते मिळविण्याची रीत विवरणात सुचविली होती, अनुक्रम नव्हता. १९९७ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने हे दावे अमान्य केले. एखादी वस्तू अस्तित्वात असणार हे ठाऊक असून ती कशाची बनली आहे हे ठाऊक नसेल, तर तिचे नाव घेणे म्हणजे तिचे वर्णन करणे नव्हे, असा निकालाचा आशय आहे. २०१० साली त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने, वस्तू करावयास शिकविणे आणि शोध आपल्या हाती आहे हे वर्णनाने दाखविणे, या दोन स्वतंत्र अटी आहेत, असे निःसंदिग्धपणे सांगितले.

नाम आणि वर्णन यांतील हा भेद भाषाशास्त्रात आणि तत्त्वज्ञानात पुष्कळ चर्चिला गेला आहे. नामाने वस्तूकडे बोट दाखविता येते. बोट दाखविण्यासाठी वस्तूचे ज्ञान असावे लागत नाही. वर्णनासाठी ते असावे लागते.

१८ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अॅमजेन विरुद्ध सानोफी या खटल्यात एकमताने दिलेला निर्णय या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या प्रतिपिंडांचा हा वाद होता. अॅमजेनने २६ प्रतिपिंडांचे अनुक्रम विवरणात दिले होते. हक्कदावा मात्र, एका विशिष्ट प्रथिनाच्या ठराविक जागेस चिकटून त्याचे कार्य रोखणाऱ्या साऱ्याच प्रतिपिंडांवर होता, आणि असे प्रतिपिंड लक्षावधी असू शकतात असे प्रतिपक्षाने दाखविले. उरलेले प्रतिपिंड शोधण्याची जी रीत विवरणात सांगितली होती, ती म्हणजे चाचपडत प्रयोग करीत राहण्याचा उपदेश होय, असे न्यायालयास वाटले. निकालपत्रात मोर्सचा तारायंत्राचा आणि सॉयर-मॅन यांचा दिव्याचा, हे दोन्ही खटले आधारास घेतलेले आहेत. जितके मागाल तितके शिकवा, हा त्याचा इत्यर्थ.

६

भारतात शोधकास विशेषाधिकार देणारा पहिला कायदा १८५६ चा. त्याखाली पहिला अधिकार कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग यास पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल मिळाला. १८५९, १८८८ आणि १९११ चे कायदे इंग्लंडच्या वळणावर होते. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सादर केलेल्या अहवालाच्या आधारे १९७० चा कायदा झाला व तो १९७२ मध्ये अंमलात आला. त्याच्या दहाव्या कलमात हक्कदावे स्पष्ट व संक्षिप्त असावेत आणि विवरणात प्रकट केलेल्या गोष्टींवर न्याय्यपणे आधारलेले असावेत असे म्हटले आहे. तसे ते नसतील तर पेटंट रद्द करण्यास चौसष्टावे कलम वाव देते.

या तत्त्वाची खरी कसोटी नोव्हार्टिस कंपनीच्या खटल्यात लागली. इमॅटिनिब हे रक्ताच्या एका कर्करोगावरील औषध. झिमरमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अमेरिकेत १९९६ साली मिळालेल्या पेटंटात या द्रव्याचे व त्याच्या क्षारांचे क्षेत्र आले होते. कंपनीने १९९८ साली चेन्नई येथे इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या बीटा स्फटिकरूपासाठी अर्ज केला. हा क्षार पूर्वीच ज्ञात होता काय, हा प्रश्न निघाल्यावर कंपनीतर्फे असे सांगण्यात आले की, झिमरमन पेटंटाच्या हक्काच्या कक्षेत तो येतो खरा, पण त्या पेटंटात तो प्रकट केलेला नाही; कक्षा आणि प्रकटीकरण या भिन्न गोष्टी होत. पण याच कंपनीने झिमरमन पेटंटाच्या जोरावर ब्रिटनमध्ये एका भारतीय कंपनीला हा क्षार विकण्यास प्रतिबंध केला होता. म्हणजे दुसऱ्यास रोखावयाचे तेव्हा शब्द रुंद, आणि स्वतःस नवे पेटंट हवे तेव्हा तोच शब्द अरुंद.

१ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने हा युक्तिवाद अमान्य केला. कक्षा आणि प्रकटीकरण यांत एवढी दरी मानणे म्हणजे पेटंटाच्या मूळ तत्त्वालाच बाध आणणे होय, असे न्यायालयाने म्हटले. शोधाच्या अंगभूत योग्यतेऐवजी कुशल वकिलांच्या लेखनचातुर्यावर पेटंटाची व्याप्ती ठरावी, अशा दिशेने या देशातील कायदा वाढू नये, अशी इच्छाही निकालपत्रात व्यक्त झाली आहे. क्षार ज्ञात ठरला, आणि बीटा स्फटिकरूप कायद्याच्या तिसऱ्या कलमातील ‘घ’ या उपकलमाच्या कसोटीस उतरले नाही. या निर्णयामुळे भारतीय कंपन्यांना हे औषध स्वस्तात बनविण्याचा मार्ग मोकळा राहिला. एका शब्दाची कक्षा कोठवर, या प्रश्नाच्या उत्तरावर हजारो रोग्यांचा औषधखर्च अवलंबून होता.

७

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, अतिव्याप्तीवर न्यायालयांनी एकच उपाय योजलेला नाही. मोर्सच्या बाबतीत दावा खोडला, सेल्डनच्या बाबतीत त्याचा अर्थ आखडला, इन्शुलिनच्या बाबतीत वर्णनाची अट कडक केली, आणि भारतात कक्षेला प्रकटीकरणाशी बांधून टाकले. उपाय चार असले तरी माप एकच आहे. ते म्हणजे विवरण.

दुसरा निष्कर्ष प्रारंभी उल्लेखिलेल्या साम्याविषयी आहे. नैयायिकाच्या लक्षणात लक्ष्य, म्हणजे गाय, अगोदरच सर्वांच्या ओळखीची असते. लक्षण चुकले तर म्हैस पुढे उभी करून ते दाखविता येते. हक्कदाव्याचे तसे नाही. त्याच्या कक्षेत येणाऱ्या अनेक वस्तू दावा लिहिला त्या दिवशी जन्मलेल्याच नसतात. विवरण लिहिलेल्या दिवशी थांबते; हक्कदाव्यातील जातिवाचक शब्द मात्र नव्या वस्तू निपजतील तसतसा त्यांना आपल्या पोटात घेत जातो. ‘तंतुमय’, ‘दूर अंतरावर लिहिणे’, ‘द्रव इंधनाचे यंत्र’ या शब्दांचा कोशातील अर्थ न बदलताही त्यांची व्याप्ती वाढत गेली. म्हणून येथील अतिव्याप्ती पुष्कळदा लेखनसमयी दिसत नाही. ती कालांतराने, दुसऱ्या कोणाच्या श्रमातून, उघडकीस येते.

याविरुद्ध असा आक्षेप घेतला जातो की, हक्क वर्णनापुरताच बांधला तर मूळ शोधकाचे नुकसान होईल. चतुर नक्कलखोर क्षुल्लक फेरफार करून त्याच्या श्रमाचे फळ घेऊन जाईल. हा आक्षेप निराधार नाही. विनन्सच्या अष्टकोनी डब्याचे उदाहरण त्याच्या पुष्ट्यर्थ देता येईल. तसेच, बेलसारखा शोधक जेव्हा खरोखरीच नवे तत्त्व हाती देतो, तेव्हा त्याचे प्रत्येक उपकरण त्यानेच वर्णावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु या दोन्ही उदाहरणांत शब्द ज्या मर्माच्या आधाराने लांबला ते मर्म विवरणात सांगितलेले होते. भार सारखा विभागणे आणि ध्वनीसारखे तरंग प्रवाहात उत्पन्न करणे, या गोष्टी शोधकाने स्वतः शब्दांत मांडल्या होत्या. समान धर्म सांगितला असेल तर त्या धर्माने युक्त अशा जातीवर हक्क सांगता येतो. परिणाम तेवढा सांगून त्याकडे नेणारे सर्व मार्ग अडविता येत नाहीत. मोर्स व सॉयर एका बाजूस आणि बेल व विनन्स दुसऱ्या बाजूस का पडले, याचा उलगडा या भेदाने बऱ्याच अंशी होतो असे मला वाटते.

राहता राहिला प्रश्न अशा अभ्यासाच्या उपयोगाचा. पेटंटांच्या हक्कदाव्यांची भाषा हा मराठीत तर सोडाच, पण भारतीय विद्यापीठांतूनही फारसा न हाताळला गेलेला विषय आहे. जातिवाचक नामे, परिणामवाचक विशेषणे, ‘कोणत्याही प्रकारे’ यांसारखी मर्यादा पुसणारी पदे, आणि अर्थाचे कालमान, या सर्वांची उदाहरणे तेथे विपुल आहेत; आणि प्रत्येक उदाहरणाच्या अर्थनिर्णयावर कोणाचा तरी धंदा, कोणाचे तरी संशोधन किंवा कोणाचे तरी औषधपाणी अवलंबून राहिलेले आहे. अर्थविचाराच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधांसाठी या सामग्रीकडे वळावे, एवढी सूचना करून हा निबंध पुरा करतो.